मदत हवी आहे: झ्विफ्ट (घरी ट्रेनरवर सायकल चालवत ऑनलाइन रेस करायचं ॲप) रेससाठी कोणते सेन्सर एकमेकांशी जुळतील?

मंडळी, सेटअप असा: मागचं चाक रोलरवर टेकवायचा साधा मॅग्नेटिक ट्रेनर, ७०० × २५ टायर, विंडोज ११ लॅपटॉप आणि हँडलबारवर फक्त अँट प्लस (सेन्सरचा एक वायरलेस सिग्नल) घेणारा जुना सायकल कॉम्प्युटर.

सध्या मागच्या हबवर स्पीड सेन्सर आहे (ट्रेनरवर पुढचं चाक फिरत नाही, त्यामुळे तिथे लावून उपयोग नाही). त्यावरून झ्विफ्ट माझ्या पॉवरचा (पेडल मारायच्या ताकदीचा, वॅटमध्ये) अंदाज काढतं. सरावाला ठीक, पण टायरमधली हवा किंवा रोलरचा दाब जरा बदलला की वॅट बदलतात, आणि बऱ्याच रेसमध्ये असा अंदाजी पॉवर चालतच नाही. म्हणून डाव्या क्रँकचा (पेडलच्या दांड्यावर बसणारा) पॉवर मीटर आणि छातीवरचा हार्ट रेट पट्टा घ्यायचाय.

अडचण कनेक्शनची. अँट प्लसचा सिग्नल एकाच वेळी कितीही उपकरणं घेऊ शकतात. ब्लूटूथवर मात्र काही सेन्सर एकालाच जोडले जातात. फोनच्या ॲपने आधी पकडला, की लॅपटॉपला तो दिसतच नाही.

विचारायचं ते हे:

दोन्ही सिग्नल एकत्र सोडणारा, क्रँकचे आरपीएमही (मिनिटाला फेरे, म्हणजेच केडन्स) देणारा आणि सीआर २०३२ सेलवर चालणारा कोणता मीटर वापरताय? म्हणजे वेगळा केडन्स सेन्सर लागणार नाही.

अँट प्लस डोंगल (लॅपटॉपला तो सिग्नल पकडून देणारी यूएसबी स्टिक) यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट लावला तर सिग्नल तुटतो. २ मीटरची एक्स्टेंशन केबल वापरून क्रँकजवळ आणल्यावर रेसभर टिकतो का?

की या पैशांत सरळ डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरवर चढवायचा) स्मार्ट ट्रेनरच घ्यावा?