यमक जुळवलं की कविता हलकी होते का?

सिडनीकर: काल 'मुक्तछंदी' यांनी लिहिलं की ऑस्ट्रेलियातले बुश कवी (रानातल्या जगण्यावर यमकात लिहिणारे) म्हणजे पबमधली यमकं, कविता नव्हेच. राहवलं नाही. तिथल्या टॅमवर्थ शहरात जानेवारीत होणाऱ्या संगीत महोत्सवात हे लोक सकाळी न्याहारीच्या वेळी कविता सादर करतात. हातात कागद नाही, लांबच लांब कविता तोंडपाठ. एक ओळ अडखळली की सभा गेली. लोकर कातरणाऱ्यांच्या शेडमध्ये, गुरं हाकणाऱ्यांच्या मुक्कामावर हे काव्य पोचलं ते पाठ होत होतं म्हणून, आणि पाठ होत होतं यमकामुळे. हे कसब हलकं कसं?

मुक्तछंदी: पाठ तर जाहिरातीही होतात. तुमचा नावाजलेला बुश कवी बँजो पॅटरसन सिडनीत वकिली करायचा आणि रानाचे गोडवे गायचा. त्याच काळातला कवी हेन्री लॉसनने १८९२ साली 'बुलेटिन' साप्ताहिकात त्याला हेच सुनावलं. लॉसन स्वतः दूर रानातल्या बर्क गावी गेला, तिथून ऐन उन्हाळ्यात हंगरफर्ड गावापर्यंत पायी.

सिडनीकर: अर्धंच सांगताय. पॅटरसनचं बालपण यास गावाजवळच्या कुरणांत गेलं. आणि तो वाद दोघांनी ठरवून घातला होता, चार पैसे मिळावेत म्हणून. पॅटरसननेच पुढे सांगितलंय. शिवाय लॉसन भांडला तोही यमकातच!

खानदेशी_लेक: पैशाचं निघालंच आहे तर बोलते. माझे वडील गावोगाव पोवाडे म्हणायचे. एका कार्यक्रमात मध्यरात्रीनंतर नंबर लावला, हातात शाल-नारळ, एसटीचं भाडंसुद्धा नाही. लॉसनला पोटगी थकली म्हणून तुरुंगात टाकलं, १९२२ मध्ये गेल्यावर सरकारी इतमामाने निरोप दिला, १९६६ मध्ये दहा डॉलरच्या नोटेवर छापलं. तिकडेही तेच.

हिशेबी_काका: लॉसनची दारूही सांगा की. मी मंडळाचा खजिनदार होतो. हॉलवाला, मांडववाला, साउंडवाला, सगळे आगाऊ घेतात. उरतं काय?

खानदेशी_लेक: काका, साउंडवाल्याला शाल देऊन परत पाठवाल? मग कवीच्याच वाट्याला उरलंसुरलं का? माझे वडील दारूला शिवले नाहीत, त्यांनाही भाडं मिळालं नाही.

हिशेबी_काका: आवाज चढवू नका. भाडं द्यायला हवं होतं, एवढं मान्य. मानधन वर्गणीतून परवडत नाही.

मुक्तछंदी: बरं, लॉसनचं यमक मान्य करतो, नाइलाजाने. पण आजचे सादरकर्ते अजून जुन्याच मेंढ्या हाकतात.

सिडनीकर: आजचा बुश कवी मरे हार्टिन ऐका. त्याच्या एका कवितेत दुष्काळाने खचून जीव द्यायला निघालेला शेतकरी, आणि त्याला थांबवणारं बापाचं पत्र. सगळं यमकात. यवतमाळ-बीडच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

मुक्तछंदी: ऐकतो. मत बदलेलच असं नाही.

खानदेशी_लेक: काका, वर्गणीतून मांडव परवडतो ना?