'गट नं. 112 पै.' मधलं 'पै' कसं वाचायचं?

चोपडेकर: विकास योजनेतल्या फेरबदलाची सूचना साइटवरून उतरवून घेतली. मजकूर साधारण असा: 'गट नं. 112 पै., क्षेत्र 0.40 हे.आर, शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे.' हे 'पै' कसलं? आणि 'वगळून' म्हणजे वावर योजनेबाहेर गेलं का?

शिरपूरकर: पै. म्हणजे पैकी. अख्खा गट नाही, त्यातला तुकडा. कुठला तुकडा ते मात्र 'पै' सांगत नाही, आणि खरी अडचण तीच. सातबारा 112/1, 112/2 असे वेगळे झालेले असतात. सूचनेत नुसतं 'पै' असलं की सगळेच वाटेकरी धास्तावतात, नाहीतर सगळेच गाफील राहतात. पोटहिस्सा लिहावा, तो नसेल तर चतुःसीमा द्यावी: पूर्वेस नाला, दक्षिणेस चोपडा रस्ता.

'वगळून' योजनेतून नव्हे, विभागातून. सरळ लिहायचं तर: 'ही जमीन आज शेती विभागात आहे, ती रहिवास विभागात नेण्याचा प्रस्ताव आहे.' 'वगळून' आणि 'समाविष्ट करणे' या दोन्हींऐवजी एकच 'नेणे', वाचणारा अडखळत नाही. आणि 0.40 हे.आर म्हणजे 40 आर, 4,000 चौरस मीटर, एकराला थोडं कमी. 40 हेक्टर नव्हे!

अमळनेरकर: उतरवलेल्या फाइलमध्ये 112 शोधून पाहिलंत का? फाइल स्कॅन केलेली असेल तर 112 सापडणारच नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली असेल तर अक्षरं दिसतात, पण कॉपी केली की कचरा येतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी '११२' टाइप केलं तर '112' सापडत नाही, म्हणून दोन्ही टाकून बघा.

नकाशाचंही तसंच. 1:2500 चा ए-1 कागद ए-4 वर छापला की 1 सेंटिमीटरला 25 ऐवजी जवळपास 70 मीटर होतात, पण कोपऱ्यात 1:2500 तसंच राहतं. तुमचे 40 आर चौकोनी धरले तर बाजू 63 मीटर, म्हणजे कागदावर सेंटिमीटरही नाही. आकड्याऐवजी मापपट्टी काढली तर ती नकाशाबरोबरच लहान होते.

चोपडेकर: मग हरकत कशावर घेऊ? तुकडाच कळत नाही.

शिरपूरकर: आधी भाग नकाशाची, म्हणजे बदल होणारा तुकडा दाखवणाऱ्या नकाशाची, प्रत मागा. मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही: महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम 37 खाली सूचनेच्या तारखेपासून एक महिना, तुम्ही फाइल उतरवली त्या दिवसापासून नव्हे. तेव्हा प्रत येण्याची वाट न बघता 'पै. म्हणजे कोणता भाग ते स्पष्ट नाही' हीच पहिली हरकत लिहा आणि पोच घ्या.