मदत हवी आहे: भुंगेरे रंगवण्याच्या उपक्रमासाठी चित्रं, कागद, रंग (मुलं आणि पालक)

रानवाट_फोंडा:
जुलैतल्या एका रविवारी फोंड्यातल्या वाचनालयात दोन तासांचा उपक्रम ठरतोय. ५ ते १० वर्षांची २५ मुलं, सोबत पालक. पालकांनी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसू नये म्हणून त्यांनाही काहीतरी हवं. नेटवर शोधलं की लाल ठिपकेवाल्या किड्याशिवाय काही मिळत नाही. कुठले भुंगेरे घ्यावेत? कागद कुठला? आणि सोनकिड्याची हिरवी झळाळी साध्या रंगपेन्सिलींनी येते का? चमकी नको, झाडलोट आम्हालाच करायची आहे.

माडकर:
चार पुरेत: गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, काजवा, सोनकिडा. पहिले दोन माडाचे वैरी, त्यामुळे ज्यांच्या परसात माड आहे त्यांना ओळख करून द्यावी लागणार नाही. गेंड्या काळपट तपकिरी, डोक्यावर शिंग. त्याने कोंब पोखरला की नंतर उलगडणाऱ्या झावळीत व्ही आकाराचे काप दिसतात. चित्राच्या कोपऱ्यात तशी एक झावळी टाका. सोंड्या विटकरी, पाठीच्या पुढच्या भागावर काळे ठिपके. काजवाही भुंगेराच, पण त्याचं चित्र पोटाकडून काढा. दिवा पोटाच्या शेवटच्या खणांत, खालच्या बाजूला असतो. पाठीकडून चित्र दिलं तर मुलं पंखच पिवळे करतात.

नेटवरचं चित्र घेण्याआधी दोन गोष्टी बघा. सहाही पाय छातीला जोडलेले हवेत (अर्ध्या चित्रांत ते पोटातून फुटतात), आणि वरचे कडक पंख पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भिडलेले हवेत. टोकं एकमेकांवर चढलेली असतील तर तो ढेकणाच्या गोतातला कुणीतरी आहे.

रंगपेटी:
झळाळी येते, घाई केली नाही तर. सोनकिड्याचा हिरवा हा बहुतांशी रंगद्रव्याचा नसतो. कवचातल्या अतिपातळ थरांवरून प्रकाश परततो, त्यामुळे किडा मेल्यावरही तो टिकतो. म्हणून तर ही पंखकवचं भरतकामात कपड्यांवर टाचत असत. व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन हिच्या १९०३ च्या मोरपिसांच्या नक्षीच्या पोशाखात पिसाच्या प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी तीच आहेत. पालकांसाठी अशा भरतकामाच्या काठाचा एक कागद करा, रंगवायच्या गोल नक्ष्यांपेक्षा (मंडलांपेक्षा) बरा.

पेन्सिलींचा क्रम: प्रत्येक पंखावर एक लांबट पट्टा कोरा सोडा. बाकी सगळीकडे हलका पिवळा. त्यावर पोपटी, पण कोऱ्या पट्ट्याच्या कडेला पिवळा दिसू द्या. मग गडद हिरवा, कडेकडे निळा, अगदी काठाला आणि मधल्या रेषेलगत जांभळा. काळा नको, त्याने चित्र मळकं दिसतं. शेवटी पांढरी पेन्सिल दाबून सगळीकडे घासा, थर एकजीव होतात. पहिल्याच थराला जोर लावला की कागदाचा खरखरीतपणा मेणाने भरतो, मग वरचा रंग नुसता घसरतो. बहुतेकांचं इथेच फसतं.

कागद: पालकांना १५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड) आसपासचा ड्रॉइंग पेपर, लहानांना ऑइल पेस्टल आणि साधा झेरॉक्स कागद चालेल. लहानांच्या चित्रात ए-फोर कागदावर एकच मोठा भुंगेरा, रेषा २-३ मिलिमीटर जाड. दोघांत एक पेस्टलची पेटी, आणि काळा खडू जास्तीचा ठेवा. गेंड्यामुळे तोच आधी संपेल.

माडकर:
८ वर्षांवरच्यांसाठी उघडणारे पंख करा. शरीर एका कार्डावर, दोन पंखकवचं वेगळी कापून रंगवायची. खांद्याशी दोन वेगळी भोकं, दोरा ओवून दोन्हीकडे गाठ. एकाच भोकात दोन्ही अडकवले तर ते कात्रीसारखे फिरतात आणि मिटल्यावर मधली रेषा जुळत नाही. आत बटर पेपरचे पंख, कवचापेक्षा लांब, टोकाशी दुमडलेले. खऱ्या गेंड्या भुंग्याचेही तसेच दुमडलेले असतात. भोकं मोठ्यांनी पाडावीत.

रानवाट_फोंडा:
उत्तम. लहानांसाठी कागद दुमडून अर्ध्या भागावर रंग लावायचा आणि छाप घ्यायचा, हे पावसात जमेल का? आणि जलरंग?

रंगपेटी:
छाप जमेल, वाळणार नाही. पोस्टर रंग दह्याइतका घट्ट हवा, पातळ असला तर दुमडताच बाहेर येतो. घडी आधी घाला, उघडून रंग लावा, लगेच मिटा. मग दोरी बांधून चिमट्यांनी टांगा, एकावर एक ठेवू नका. जुलैत दोन तासांत घरी नेण्याइतकं वाळेल याची खात्री धरू नका. छाप सुरुवातीला, पेन्सिलकाम नंतर.

जलरंग या खेपेला सोडा. इंकजेटवर काढलेल्या रेषा पाणी लागताच पसरतात, झेरॉक्सच्या पसरत नाहीत. पण पातळ कागद तरीही चुरगळतोच. पेस्टलची चित्रं गुंडाळताना मध्ये बटर पेपर घाला. कोरे कागद आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये बंद ठेवा, सर्दावलेल्या कागदावर पेन्सिल टोकरते.