विषय: सासूबाईंचा डोळा (शनिवारच्या तालमीला नाही जमणार)

प्रेषक: सु. (रेडिंग)
बुधवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,
शनिवारी आमचं कठीण दिसतंय. सासूबाईंचा डावा डोळा सुजलाय. पापणी नाही, नाकाकडचा कोपरा. करवंदाएवढी लाल गाठ आहे, हात लावू देत नाहीत. केमिस्टकडचे क्लोरॅम्फेनिकॉलचे (अँटिबायोटिक) थेंब घालून तीन दिवस झाले, काडीचा फरक नाही. तसा तो डोळा दोन वर्षं गळतोच, पदराने टिपायची सवयच झालीय. २७ला परतीचं विमान आहे आणि लगेच सोलापुरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्या म्हणतात रांजणवाडी आहे, फुटेल आपोआप. कोणाला अनुभव आहे का?

प्रेषक: मा. (मेडनहेड)
गुरुवार, सकाळी ६:५५

सु., घाबरू नकोस गं. माझ्या नातीचं अगदी हेच. जन्मल्यापासून डोळ्याला पाणी आणि चिपडं. हेल्थ व्हिजिटरने (बाळाला बघायला येणाऱ्या नर्सने) करंगळीने कोपऱ्यावर दाबून नाकाच्या कडेने खाली मालीश करायला शिकवलं, दहाव्या महिन्यात सगळं थांबलं. मी काजळ घालू का विचारलं तर सूनबाईंनी हात धरला, ते बरंच झालं. तूही दाबून बघ, पू निघाला की मोकळं वाटेल.

प्रेषक: डॉ. वै. (ऑक्सफर्ड)
गुरुवार, सकाळी ७:२०

मावशी, कृपया नको! सु., अजिबात दाबू नकोस, सुईने तर मुळीच टोचू नकोस.
बाळाचं वेगळं असतं. अश्रुनलिका म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी. तिच्या नाकातल्या टोकाशी पातळ पडदा राहून गेलेला असतो, तो मालिशीने उघडतो. दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप बरं होतं. सासूबाईंची नळी वयाने अरुंद होऊन बुजलेली दिसते. चाळिशीनंतर बायकांमध्ये हे जास्त. मग पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या पिशवीत साचतं, साचलं की जंतू वाढतात. दोन वर्षं डोळा गळत होता, ती त्याचीच खूण. थेंब डोळ्यावरून वाहून जातात, बंद पिशवीतल्या पुवापर्यंत पोचत नाहीत, म्हणून गुण नाही. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक लागतं. आजच दाखवा. तोवर कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने शेका, एवढंच. साखर आहे का त्यांना? ते तिथे आधी सांगा.
डोळा पुढे आल्यासारखा वाटला, फिरवताना दुखला, दोन दोन दिसलं किंवा नजर मंदावली तर रात्र असो, सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग.

प्रेषक: अ. (ब्रॅकनेल)
गुरुवार, सकाळी ८:०५

ए अँड ई वगैरे म्हणण्याआधी खर्चाचा विचार करा. व्हिजिटर व्हिसावर आहेत त्या. माझ्या मामांना ऐन पाडव्याला दाखल केलं होतं, त्याचं बिल अजून फेडतोय. चार दिवसांत भारतातच दाखवलेलं बरं.

प्रेषक: प्र. (रेडिंग)
गुरुवार, सकाळी ८:३०

अ., अर्धी माहिती देऊ नकोस. इंग्लंडमध्ये जीपीची (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची) तपासणी पाहुण्यांनाही फुकट आहे, ए अँड ईमधले उपचारही. बिल लागतं ते दाखल करून घेतल्यावर. मामांचं तेच झालं. उशीर केला तरच दाखल व्हायची वेळ येईल. आणि विम्याच्या कंपनीला आधी फोन करा, जुना आजार म्हणून फाटे फोडतात.

प्रेषक: सचिव
गुरुवार, सकाळी ९:१०

सर्वांना विनंती, ही यादी कार्यक्रमांसाठी आहे, औषधोपचार इथे नकोत असं गेल्या सभेत ठरलं होतं. सु., काकूंची काळजी घ्या. हार्मोनियम तुमच्याकडेच आहे ना? शनिवारी कोणीतरी न्यायला येईल.

प्रेषक: डॉ. वै. (ऑक्सफर्ड)
गुरुवार, दुपारी १:००

सचिव, म्हातारं माणूस चार दिवस तळमळतंय, या चार ओळी यादीवर राहू द्यात. सभेत मीही होते.
सु., मोतीबिंदूच्या डॉक्टरांना आजच कळव. पिशवीत पू असताना ऑपरेशनसाठी डोळा उघडला तर जंतू आत शिरून नजर जाऊ शकते. म्हणूनच आपल्याकडे ऑपरेशनआधी नळीत पाणी सोडून बघतात. पण आत्ता सूज असताना ते पाणी कोणाला सोडू देऊ नकोस. सूज ओसरली की पिशवीपासून नाकात नवी वाट करतात, डीसीआर म्हणतात. हाडाचा छोटा तुकडा काढतात, ऐकून घाबरू नका. इटलीच्या अडेओ तोती यांनी १९०४ मध्ये सांगितलेलं ऑपरेशन आहे, आता दुर्बिणीने नाकातूनही होतं. नुसत्या गोळ्यांवर थांबलात तर पुन्हा उठेल. आधी हे, मग मोतीबिंदू.

प्रेषक: मा. (मेडनहेड)
गुरुवार, दुपारी २:१५

वै., नातीच्या अनुभवावरून लिहिलं गं, मोठ्यांचं माहीत नव्हतं. सु., मऊ खिचडी घेऊन येते संध्याकाळी.

प्रेषक: सु. (रेडिंग)
शुक्रवार, रात्री ९:३०

काल जीपीने तिथूनच आय कॅज्युअल्टीला (डोळ्यांच्या तातडीच्या विभागात) पाठवलं. पिशवीचाच संसर्ग. दाखल केलं नाही. सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात, सोमवारी परत बोलावलंय, विमानाचं तेव्हाच सांगतील. साखर निघाली २१०, ती आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पुढे ढकललाय. आज पहिल्यांदा शांत झोपल्यात. मावशी, डबा धुऊन ठेवलाय. हार्मोनियम गॅरेजमध्ये आहे, दुपारी दोननंतर या, त्याआधी बेल वाजवू नका.