मदत हवी आहे: पोळीभाजी केंद्रातून प्लास्टिकच्या डब्या कशा हटवू?

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे, ११ वर्षं झाली. दोघी जणी पोळ्या लाटतात, एक भाजी चिरते, फोडणी माझ्याकडे. जागेवर बसून खायची सोय नाही, सगळं पार्सल.

जुलैत गाळ्यामागचं गटार तुंबलं आणि पाणी शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरलं. पालिकेच्या माणसाने लोखंडी आकड्याने गाळ ओढून वर काढला, तर त्यात माझ्या आमटीच्या डब्या निघाल्या. झाकणावर माझ्याच केंद्राचं स्टिकर, फोन नंबरसकट, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. गिरणीवाले काका मला एक शब्द बोलले नाहीत, भिजलेलं पीठ तेवढं खराट्याने बाहेर लोटत राहिले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर एक दिवस बसून मोजलं. ११२ पार्सलं गेली. भाजीच्या डब्या ११२, आमटीच्या ११२, भाताचे डबे ७०, कोशिंबिरीच्या पुड्या ११२. म्हणजे एका दिवसात ४०६ नग, वर हातातल्या पिशव्या वेगळ्या. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेदहा हजारांवर जातं. आणि हे एका लहानशा गाळ्याचं.

कायद्याचंही सांगते, लपवून मदत मागण्यात अर्थ नाही. मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत हॉटेलातून पार्सल द्यायची, एकदा वापरून टाकायची भांडी आहेतच. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद केले. तरी घाऊक बाजारात डब्या पोत्याने मिळतात, सगळे घेतात, मीही घेत आले.

आता काय करून पाहिलं ते. उसाच्या चोयट्याच्या वाट्या आणल्या. सुकी भाजी, भात छान राहतो. पण कटाची आमटी गरम भरली की पाऊण तासात बूड मऊ पडतं, झाकण घट्ट बसत नाही, रिक्षात आडवी झाली की संपलं. मला प्लास्टिकची डबी साडेतीनला पडते, ही झाकणासकट आठला. कागदी डबी घेतली, तर आतून प्लास्टिकचाच थर निघाला. नखाने सोलून पाहिला मी.

एक गोष्ट मात्र जमली. पोळ्या. आधी त्या पिशवीत जायच्या, गरम पोळीला घाम सुटायचा आणि खालच्या दोन चिकट व्हायच्या. आता केळीच्या पानात गुंडाळून सुती दोऱ्याने बांधते. पान आधी तव्यावर जरा शेकून घ्यायचं, नाहीतर घडीवर फाटतं. पोळी मऊ राहते आणि पानाचा वास लागतो, तो लोकांना आवडला. (वर्तमानपत्रात बांधा असं कुणी सुचवू नका, छपाईची शाई अन्नात उतरते.)

अडलंय ते पातळ पदार्थांपाशी. ११२ पैकी ४६ जण महिन्याचे, रोजचे. बाकी येणारे-जाणारे. स्टीलचे डबे अनामत घेऊन द्यावेत असं मनात आहे. कुणी केलंय का? डबे परत येतात का? धुण्याचं काय? आणि रस्त्याने जाता जाता आमटी मागणाऱ्याला कशात द्यायची? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: कढीपत्ता

ताई, पुण्यात नऊ वर्षं मेस चालवली, सगळी स्टीलच्या डब्यांवर. डबे परत येतात, पण अनामत डब्याच्या किमतीपेक्षा जास्त हवी. आम्ही आधी १०० घ्यायचो. डबा त्याहून महाग, त्यामुळे खोली सोडून जाणारी मुलं डबा घेऊन जायची. अनामत वाढवली आणि गळती जवळपास थांबली.

माणशी दोन संच लागतात. आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात. पोचवणारा माणूसच रिकामा डबा उचलतो, म्हणून डबा फिरत राहतो. गिऱ्हाइकावर 'आणून द्या' म्हणून सोपवलंत तर तो त्याच्या ओट्यावरच राहील.

भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात ना, तसं प्रत्येक डब्यावर आणि झाकणावर तुमचं नाव आणि क्रमांक घालून घ्या. झाकणांची अदलाबदल झाली की आमटी गळते, हे मी शिव्या खाऊन शिकलो. झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा. तिच्या खाचेत आमटीचा बुळबुळीतपणा साचतो आणि दोन दिवसांत कुबट वास मारतो. डबे पालथे घालून पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावू नका.

प्रतिसाद: पाणकणीस

कचऱ्याच्या क्षेत्रात काम करते म्हणून एक सावधगिरी. कुणी 'कंपोस्ट होणारं प्लास्टिक' विकायला आलं तर घाई करू नका. ते ५८ अंशांच्या आसपास तापमान टिकवणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पात कुजतं. तुमच्या गटारात ते साध्या डबीसारखंच अडकून बसेल. शिवाय साध्या प्लास्टिकमध्ये मिसळलं की भंगारवाल्याचा तो मालही बिघडतो. तेलकट डब्यांचं दुःख वेगळंच. कचरावेचक बायका त्या उचलत नाहीत, कारण न धुतलेल्या मालाला भाव नाही. डबी एकदा तेलाने माखली की 'पुनर्वापर होतो' हे वाक्य बहुधा तिथेच संपतं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरून डबा आणायला सांगा आणि ५ रुपये कमी घ्या. सूट पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, तोंडी सांगून होत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कढीपत्ता, तुमचं वाचून हिशोब मांडला. एका पार्सलमागे डब्या-पिशव्यांचे सरासरी ११ रुपये जातात. ४६ जणांचे महिन्याला १३,१५६. दोन संच आणि वरचे ८ धरून १०० डबे, २४० चा एक, म्हणजे २४ हजार. धुवायला एक बाई दोन तास, तिचे ६ हजार. तरी चार महिन्यांच्या आत डबे फिटतात. इतकी वर्षं हा हिशोब मी केलाच नव्हता याचं वाईट वाटतं.

सगळ्यांना एकदम दिले नाहीत. जवळच्या दोन इमारतींतल्या २० जणांपासून सुरुवात केली, ४० डबे, नाव-क्रमांक घालून, अनामत ३००. तीन आठवडे झाले. एका आजोबांचा डबा मुलीकडे लोणच्यासाठी गेला होता, तो त्यांनी स्वतः आणून दिला. बाकी सगळे फिरताहेत.

घरून डबा आणणारे रोज १४-१५ झालेत. तिथे नवीन अडचण आली. कुणाचा डबा मोठा, कुणाचा लहान, आणि 'आज कमी दिलंत' अशी कुरबुर. म्हणून आता ओगराळ्याने मोजून घालते, दोन ओगराळी आमटी, सगळ्यांसमोर.

आता उरले ते रिकाम्या हाताने येणारे, आणि मोबाईलवरून मागवणारे. मोबाईलवाल्यांचा माणूस डबा परत आणत नाही, त्यामुळे तिथे अनामत चालणार नाही. सध्या मी त्यांच्या थाळीतून आमटी काढून सुकी उसळ घातली आहे, ती चोयट्याच्या वाटीत नीट जाते. पण गुरुवारी कटाची आमटी मागणारे बरेच आहेत. गरम आमटी तासभर धरेल, आत प्लास्टिकचा थर नसेल आणि सहा-सात रुपयांत पडेल असं काही कुणी वापरलंय का? मातीच्या झाकणवाल्या कुल्हडात कुणी आमटी पाठवून पाहिली आहे का?