सांगलीत पेढी, मागे गोडाऊन, मिरजेत ऑफिस: याला लॅन म्हणायचं, मॅन की वॅन?

हळदपेढी: मार्केट यार्डात दुकान आहे. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा. त्याच आवारात १४० मीटरवर गोडाऊन, तिथं काट्याजवळ एक कॉम्प्युटर आणि दोन कॅमेरे बसवायचेत. मिरजेच्या ऑफिसातूनही टॅली चालवायचंय. केबलवाला म्हणतो, कॅट ६ (नेटवर्कची तांब्याची केबल) ओढू आणि मध्ये जोड देऊ. दोन गावं आली म्हणजे हे मॅन झालं का? सामान काय घ्यायचं?

पॅचपॅनल: दादा, किलोमीटर मोजून नाव ठरवू नका. स्वतःची वायर जिथवर जाते तिथवर तुमचं लॅन, म्हणजे आपल्या जागेतलं जाळं. म्हणजे गोडाऊनसुद्धा लॅनमध्येच. मिरजेला जाताना लाइन दुसऱ्याची, भाड्याची. तुमच्या बाजूनं ते वॅन, म्हणजे लांबच्या जागा जोडणारं जाळं. मॅन म्हणजे शहरभर फिरणारं जाळं, ते इंटरनेट पुरवणाऱ्याचं किंवा महापालिकेचं असतं. तुम्ही त्याचे गिऱ्हाईक.

जोड अजिबात देऊ देऊ नका. कॅट ६ ची हद्द १०० मीटर: ९० भिंतीतली आणि १० दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डची (यंत्राला जोडायच्या सुट्या वायरची). जोड दिल्यानं हद्द वाढत नाही, उलट सिग्नल तिथंच बिघडतो. दुकानातल्या केबलला दोन्ही टोकांना एकच रंगक्रम ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिगाबिट वेगाला (सेकंदाला १००० मेगाबिट) चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर लिंक १०० मेगाबिटवर उतरते. चालू दिसते म्हणून कुणी बघत नाही. आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका, कॅमेऱ्याला पीओईनं, म्हणजे त्याच केबलमधून, वीज देताना ती तापते.

फायबर_जोडारी: अंतर ८० मीटर असतं तरी दोन इमारतींत तांबं नको. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, त्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. सिंगल मोड फायबर (काचेच्या तंतूतून प्रकाशानं डेटा नेणारी केबल) टाका, ४ कोअरची, म्हणजे चार तंतूंची. १४० मीटरला १६० घ्या, दोन्हीकडे १० मीटरचं वेटोळं राहू द्या. उंदरांसाठी एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून न्या. पत्र्याचं कवच असलेली घेतलीत तर ते कवच दोन्हीकडच्या यंत्रांना टेकवू नका, नाहीतर फायबर टाकून काय मिळवलं?

एका कोअरवर चालणारे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश आणि तांब्याचा सिग्नल यांची अदलाबदल करणारे डबे) ए आणि बी अशा जोडीनंच घ्या. एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन्ही ए आले तर दिवा लागणार नाही आणि दोष मात्र केबलवर येईल. गोडाऊनला ८ पोर्टचा पीओई स्विच पुरे. हळदीची पूड फायबरच्या टोकावर बसली तर लिंक ये-जा करते, म्हणून टोपी शेवटच्या मिनिटाला काढा.

हळदपेढी: मग मिरजेपर्यंत छतावरून डिश लावली तर?

पॅचपॅनल: नुसती डिश दिसून भागत नाही. अंदाजे १० किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर लहरीचा पट्टा मध्यभागी वर-खाली ११ मीटर फुगतो, त्यातला निदान ६० टक्के भाग झाडं-इमारतींपासून मोकळा हवा. तेवढे मनोरे उभारण्यापेक्षा दोन्हीकडे ब्रॉडबँड आणि वर व्हीपीएन (इंटरनेटमधून दोन ऑफिसं जोडणारा खासगी बोगदा) बरं.

त्याआधी आयपी (यंत्रांचे नेटवर्कमधले पत्ते) वेगळे करा: सांगलीला १९२.१६८.१० नं सुरू होणारे, मिरजेला १९२.१६८.२० नं. दोन्ही राउटर डब्यातून काढल्यासारखे १९२.१६८.१ वर ठेवले तर व्हीपीएन जोडलं जाईल, पण पलीकडचं काही उघडणार नाही.

टॅलीचं फोल्डर व्हीपीएनवरून उघडू नका. लाइन मध्येच तुटली की डेटा खराब व्हायची भीती. रिमोट डेस्कटॉप वापरा, फक्त पडदा येतो-जातो. सांगलीचं विंडोज प्रो हवं, होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. प्रोवरही एका वेळी एकच माणूस, म्हणून सांगलीत मिरजेसाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवा.

फायबर_जोडारी: व्हीपीएन लागलंच नाही तर राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तो आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. दोन्हीकडे नको, सांगलीला एक स्थिर आयपी मागून घ्या. मिरजेचा राउटर तिकडे स्वतःहून जोडून घेईल.