सल्ला हवा: सोनेरी मुलाम्याच्या जुन्या खुर्च्या आणि आरसा नव्या घरात कसा मांडावा?

उदगीरची_सून
नमस्कार मंडळी. लातूरला आमचं नवं घर होत आलंय. सासूबाईंच्या माहेरच्या वाड्याची वाटणी झाली. त्यांच्या वाट्याला सोनेरी नक्षीच्या दोन हाताच्या खुर्च्या, भिंतीला लावून ठेवायचं एक अरुंद टेबल आणि माणसाएवढा सोनेरी चौकटीचा आरसा आला. निजामाच्या काळात हे सगळं हैदराबादहून आणलं, असं घरात सांगतात. सासूबाईंचा जीव आहे त्यात, आणि मलाही या वस्तू मनापासून आवडतात.
विचारायचं ते असं. सोनं काही ठिकाणी उडून खालून लाल दिसतंय, आमचे हे म्हणतात सोनेरी स्प्रे मारून घेऊ. मारावा का? याला जुळणारा "अँटिक" सोफासेट घ्यावा का? आणि बैठकीची खोली मंगल कार्यालयासारखी भडक दिसू नये म्हणून काय करता येईल?

जुनं_लाकूड
ताई, स्प्रे अजिबात मारू देऊ नका. बाकीचं नंतर, पण हे आज घरात सांगून टाका.
लाल दिसतंय ती बहुधा मुलाम्याखालची माती आहे. जुन्या पद्धतीत लाकडावर आधी सरसात कालवलेल्या खडूचे बरेच हात देत. ते घासून गुळगुळीत करत, वर तांबड्या चिकणमातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या दगडानं घोटून चमक. वर्ख इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. हात लागून लागून तो कडेला झिजतो आणि माती डोकावते. जाणकार माणूस त्या लालीकडं बघूनच वस्तूची किंमत ओळखतो.
स्प्रेत सोनं नसतं, बहुतेक पितळेची पूड असते. काही वर्षांत ती तपकिरी पडते, आणि काढायला गेलं की खालचा खरा वर्खही सोबत निघतो.
खरं-खोटं बघायचं तर आरशाच्या चौकटीच्या सपाट पट्टीवर बाजूनं बॅटरी धरा. साधारण 8-8 सेंटीमीटरवर वर्ख एकमेकांवर चढल्याच्या बारीक रेघा दिसल्या तर खऱ्या सोन्याची आशा धरायला हरकत नाही. पितळी वर्खाचे चौकोन मोठे असतात, 14 सेंटीमीटरच्या आसपास, आणि जुना झाला की तो काळपट-हिरवट होतो.

उदगीरची_सून
दादा, आत्ताच बघितलं. रेघा आहेत, बोटाच्या चार पेरांएवढ्या अंतरावर! सासूबाईंना दाखवलं, त्या किती वेळ बॅटरी धरून बघत होत्या. आता पुसायचं कशानं? बाई ओलं फडकं मारते सगळ्यावर.

जुनं_लाकूड
ओलं फडकं बंद. सरस पाण्यात विरघळतो, म्हणजे खालचा खडूच सुटतो. पितांबरी, चिंच, लिंबू, काचेचा फवारा यातलं काही लावू नका. कोरडं फडकंही नको, नक्षीच्या टोकात धागा अडकला की टवका उडतो. शेळीच्या केसांचा मऊ ब्रश घ्या, वरून खाली हलक्या हातानं धूळ झटका. तेही रोज नाही.
टवका निघालाच तर फेकू नका, छोट्या डबीत ठेवा. घरी फेव्हिकॉलनं चिकटवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, तिथं फोटो पाठवून विचारा.

परभणीकर
आपल्याकडच्या हवेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात बाहेर 42-43 ची कोरडी धग, घरात कूलरची ओल, अन् जुलैत पुन्हा दमट. लाकूड आक्रसतं, फुगतं. खडूचा थर ताठ असतो, त्याला लवता येत नाही, मग तो तडकतो. म्हणून त्या खुर्च्या कूलरच्या झोतासमोर ठेवू नका बरं का. पश्चिमेच्या खिडकीतलं उन्हाळी ऊनही नको.
पाय फरशीवर टेकतात तिथं पाणी न शोषणाऱ्या चकत्या लावा, फरशी पुसतानाचं पाणी लाकडात चढत नाही. आणि दर पावसाळ्याआधी खुर्च्या उलट्या करून बघा. बारीक भुगा पडलेला असला तर कीड चालू आहे, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

हिमरूवाली_संभाजीनगर
सोफासेटबद्दल माझं स्पष्ट मत: घेऊ नका. शोरूममध्ये "अँटिक" म्हणून मिळतो तो बहुतेक नवा माल असतो, जोधपूरकडून बराच येतो. ती कारागिरी वाईट नाही, पण नव्या सोनेरी रंगाशेजारी तुमचा झिजलेला खरा वर्ख मळका दिसेल. जुन्या सोन्याला शेजार साधाच लागतो.
खोलीत सोनेरी वस्तू दोन-तीनच असू द्या. बसायला साधा सागवानी दिवाण, लोड-तक्के. लोडांना आमच्याकडचं हिमरू कापड लावा. सुताच्या ताण्यावर रेशमी बाणा, त्यामुळं त्याची चमक तुमच्या वर्खासारखीच दबकी असते. कोयऱ्यांची वेल असलेलं गर्द हिरवं किंवा डाळिंबी निवडा. उलट्या बाजूनं बघा, मागं रेशमाचे सुटे धागे लांब तरंगत असतात. म्हणूनच ते ताणून खुर्चीच्या गादीला ठोकू नका, बसण्या-उठण्यानं ओढलं जातं. लोडांवर मात्र वर्षानुवर्षं टिकतं. खुर्च्यांच्या गाद्यांना एकरंगी जाड सुती कापड पुरे, आणि ठोकताना जुन्या खिळ्यांच्या भोकांपलीकडं सुताराला जाऊ देऊ नका.

बिदर_रोड
हिमरूवाल्या ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात भर एवढीच, की टेबलावर एखादी बिदरीची सुरई ठेवा. जस्ताच्या काळ्याभोर अंगावर चांदीची तार, सोन्याशेजारी काय शोभते म्हणून सांगू! उदगीरहून बिदर जवळ आहे, कारागिराच्या समोर बसून घेता येते.
आणि काही विकत घ्यायच्या आधी एकदा हैदराबादला सालारजंग संग्रहालय आणि निजामाचा चौमहल्ला राजवाडा बघून या. फ्रेंच पद्धतीच्या सोनेरी खुर्च्या मोठ्या खोलीत एकमेकींपासून किती लांब मांडतात ते डोळ्यांनी बघितलं की मोकळ्या जागेचं मोल कळतं. दोन्ही शुक्रवारी बंद असतात.
निर्मळही दूर नाही, नांदेडहून भोकर-भैंसा मार्गे. काळ्या जमिनीवर सोनेरी काम असलेलं एखादं निर्मळचं चित्र समोरच्या भिंतीला चालेल. एकच हं.

उदगीरची_सून
सोफासेट रद्द! रंगारी भिंतीला दुधी पांढरा म्हणतोय, लाइट पांढरे. चालेल?

हिमरूवाली_संभाजीनगर
पांढऱ्या लाइटखाली सोनं पिवळा रंग फासल्यासारखं दिसतं. या वस्तू मेणबत्ती अन् दिव्याच्या उजेडासाठी घडवलेल्या. 2700 केल्व्हिनचे पिवळसर बल्ब घ्या, तेही छतात नको, बाजूला खाली, म्हणजे नक्षीच्या खाचांत सावली पडते. आरशामागची एक भिंत गर्द शेवाळी किंवा निळी करा, बाकीच्या हस्तिदंती.

गंगाखेडची_माय
पोरी, महालक्ष्म्या मांडताना सासूबाई म्हणतील खुर्च्यांवर बसवू, आरसा मागं ठेवू. आरसा असू दे, दिव्यांची आरास दुप्पट दिसते. पण समई हातभर लांब ठेव, काजळी अन् तेलाचा ओशटपणा वर्खावर बसला की निघत नाही. खुर्च्यांवर नको गं, हळदीकुंकू सांडतं, फुलांचं पाणी ठिबकतं. महालक्ष्म्यांना आपला पाट-चौरंगच बरा.

उदगीरची_सून
माय, अगदी हेच सासूबाईंच्या मनात होतं, समजावते त्यांना. आरशाच्या काचेवर काळे ठिपके आहेत, काच बदलावी का? आणि एक व्यापारी दोनदा येऊन गेला, "परदेशी गिऱ्हाईक आहे" म्हणतो.

जुनं_लाकूड
काच बदलू नका, ठिपक्यांसकट आरसा जुना आहे. काचेमागं चांदीचा थर चढवायची रीत 1835 नंतरची, त्याआधी आणि नंतरही काही काळ कथील-पाऱ्याचा लेप देत. मागं रंगाचा थर नसेल आणि राखाडी कथलासारखं दिसत असेल तर उघड्या हातानं खरवडू नका, पारा आहे. आरसा आडवाही ठेवू नका.
व्यापाऱ्याचं म्हणाल तर शंभर वर्षांवरची पुरावस्तू केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कुणालाच देशाबाहेर नेता येत नाही, 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. वाटणीचा कागद जपून ठेवा, त्याला वस्तूंचे फोटो जोडून ठेवा.

परभणीकर
आरसा टांगण्याबद्दल शेवटचं. तुमचा भाग 30 सप्टेंबर 1993 ला हादरलेला, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. एका खिळ्यावर, एका तारेवर एवढं वजन नको. खालची कड भिंतीत बोल्टनं पक्क्या केलेल्या लाकडी पट्टीवर टेकवा, म्हणजे वजन पट्टी घेते. वर दोन बाजूंना दोन पितळी पट्ट्या, त्यांचे अँकर बोल्ट काँक्रीटच्या कॉलमात किंवा बीममध्ये, नुसत्या विटांत नाही. स्क्रू चौकटीच्या मागच्या जाड लाकडात घ्या, नक्षीत घेऊ नका, नक्षी पुष्कळदा लाकूड नसून खडू-सरसाची ओतीव असते. चौकट आणि भिंत यांत बोटभर फट सोडा, हवा खेळती राहते. प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत मात्र काहीच टांगू नका, गड्या, नव्या भिंतीची ओल महिनोन्‌महिने निघत असते.

उदगीरची_सून
गवंडी अजून कामावरच आहे, उद्या सकाळी कॉलम कुठं आहे ते त्याच्याकडून खडूनं आखून घेते.